काळ्या मातीतली हिरवळ आणि वाफशाचा धडा

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि माननीय विश्वस्त मंडळी,



गेल्या पावसाळ्यानंतर आम्हाला परीक्षेच्या निकालापेक्षा शाळेच्या मैदानाविषयीच जास्त प्रश्न विचारले गेले. मैदानावरचे गवत कुठे गेले? चिखल का होतो? भेगा का पडतात? सरसकट पेव्हर ब्लॉक का बसवत नाही? त्याच सुमारास काही पालकांनी आपल्या घरच्या अंगणाची तीच तक्रार सांगितली. हौसेने गाडीभर लाल माती आणून लॉन लावली, दोन वर्षांत राडा झाला, शेवटी फरशी घातली.

म्हणून या अंकाचा पाठ अंगणातल्या हिरवळीवर आहे. विषय साधा वाटला तरी यात भूगोल, विज्ञान, गणित आणि थोडा संयम असे सगळेच येते. सुरुवात आमच्याच चुकीपासून करणे योग्य ठरेल.

आमची चूक

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संततधार लागली होती. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी मैदान सपाट हवे, म्हणून पाऊस उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही लोखंडी रोलर मागवला. आपले माळीकाका म्हणाले होते, "दोन-तीन दिवस थांबू या, अजून वाफसा आला नाही." आम्ही थांबलो नाही. रोलर फिरला, मैदान आरशासारखे सपाट झाले आणि पुढचे चार दिवस त्यावर मुलांचा सराव झाला. समारंभ उत्तम पार पडला.

गणपतीपर्यंत गवत पिवळे पडले. दसऱ्यापर्यंत ते जागोजागी नाहीसे झाले आणि पाऊस पडला की पाणी तासन्‌तास साचू लागले. दिवाळीनंतर उघड्या जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या. डिसेंबरच्या क्रीडा सप्ताहात धावताना एका मुलाचा पाय भेगेत जाऊन मुरगळला आणि त्याला तीन आठवडे घरी राहावे लागले. त्याच्या आईवडिलांनी आम्हाला दोष दिला नाही, पण दोष आमचाच होता. क्रिकेटची खेळपट्टी आणि हिरवळ यांतला फरक आम्हाला कळला नव्हता. खेळपट्टी चिकणमातीची करतात आणि ती कठीण व्हावी म्हणूनच तिच्यावर रोलर फिरवतात. हिरवळीला मात्र आतून मोकळी, हवा खेळणारी जमीन लागते. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवून आम्ही मैदानभर खेळपट्टी तयार केली होती.

आपली माती कशी आहे?

हुबळी आणि धारवाड यांच्यात जेमतेम २० किलोमीटरचे अंतर, पण पायाखालची जमीन सगळीकडे सारखी नाही. धारवाडच्या पश्चिमेला, कलघटगीच्या बाजूला मलनाडचा उंबरठा लागतो. तिकडे लाल माती बरीच आहे आणि पाऊसही अधिक. हुबळीच्या पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरी, कुंदगोळकडे काळीभोर सपाट राने पसरली आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरे या काळ्या मातीवर उभी आहेत. कन्नडमध्ये तिला 'एरे मण्णु' म्हणतात, मराठीत 'काळी'. कापूस, जोंधळा, हरभरा आणि आपल्या भागाची प्रसिद्ध ब्याडगी मिरची या जमिनीत छान येते.

या मातीत चिकणमातीचे कण फार असतात आणि त्यांत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याची रचना वहीच्या पानांसारखी, थरावर थर अशी. वही पाण्यात पडली की पानापानांत पाणी शिरून ती फुगते आणि वाळली की आक्रसते. आपली माती दरवर्षी हेच करते. पावसाळ्यात ती फुगते, चिकटते आणि तिच्यातून पाणी फार सावकाश खाली उतरते. उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पुढच्या पावसात खालची फुगून वर येते. त्यामुळे काळी जमीन स्वतःलाच नांगरते, असे म्हणतात.

तिचा गुण असा की ती पाणी पुष्कळ धरून ठेवते आणि अन्नद्रव्येही सांभाळते. दोष असा की ओली असताना तिच्यावर वजन पडले तर आतल्या पोकळ्या मिटतात. मग मुळांना हवा मिळत नाही आणि पाण्याला वाट राहत नाही. आम्ही रोलरने नेमके हेच केले.

वाफसा म्हणजे काय?

पावसानंतर जास्तीचे पाणी निथळून गेले, मातीत ओल आणि हवा दोन्ही राहिली की त्या स्थितीला शेतकरी 'वाफसा' म्हणतात. कन्नड शेतकरी 'हद' म्हणतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मातीचे प्रकार, त्यांचे रासायनिक गुण आम्ही पाठ केले, पण वाफसा हा शब्द मात्र आम्हाला माळीकाकांनीच शिकवला. या पाठातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : काळ्या मातीत कोणतेही काम वाफशावर करावे. खणणे, टोचणे, तण काढणे, लावणी, खत, यंत्राने गवत कापणे, सगळे वाफशावर.

वाफसा ओळखण्याचा प्रयोग मुलांनी घरी करावा. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घ्या. दाबून लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडा.

१. लाडू जमिनीवर चपटा होऊन चिकटला, तर माती अजून ओली आहे. थांबा.
२. लाडू वळतो, पण पडल्यावर त्याचे रवाळ तुकडे होतात, तर वाफसा आला. कामाला लागा.
३. लाडू वळतच नाही, हातात ढेकळेच येतात, तर वेळ निघून गेली. हलके पाणी द्या आणि दोन दिवस वाट पहा.

कोणते गवत लावावे?

रोपवाटिकेत गेल्यावर मऊ, गर्द हिरव्या गालिच्यासारख्या गवताचे तुकडे आपल्याला मोहात पाडतात. जाहिरातीतली हिरवळ मुळात इंग्लंडसारख्या थंड, झिमझिम पावसाच्या देशातली. तिथे बाराही महिने मातीत ओल असते. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा जून ते ऑक्टोबरमध्ये, आणि मग कित्येक महिने कोरडे.

या हवामानाला आणि मातीला मानवणारे गवत आपल्या बांधावरच आहे. ते म्हणजे हरळी, आपली दूर्वा. कन्नडमध्ये 'गरिके', हिंदीत 'दूब'. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण, दमट राज्यांत घरोघरी जी 'बर्म्युडा' गवताची हिरवळ असते, तीही याच जातीची. शेतकरी हरळीला शत्रू मानतो, कारण ती जमिनीच्या वर धावती खोडे आणि जमिनीखाली गाठीची खोडे पसरवते आणि उपटून संपत नाही. शेतातला हाच दुर्गुण अंगणात गुण ठरतो. उन्हाळ्यात ती तपकिरी पडते पण मरत नाही. तुडवली तरी गाठीतून पुन्हा फुटते.

हरळीची एकच मोठी अट आहे, ती म्हणजे ऊन. दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवे. आंब्याखाली किंवा उंच कंपाउंडच्या सावलीत ती विरळ होत जाते. तिथे हट्ट धरू नये. त्या जागी रुंद पानांचे, सावली सोसणारे गवत लावावे किंवा सरळ कुंड्या ठेवाव्यात.

लाल मातीचा गैरसमज

काळ्या मातीवर दोन-तीन इंच लाल माती पसरून त्यावर गवत अंथरायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पहिला पावसाळा बरा जातो. पण लाल मातीतून झरझर उतरलेले पाणी खालच्या काळ्या थरावर अडते. वरचा थर रव्याच्या शिऱ्यासारखा होतो आणि मुळे खाली न जाता त्या दोन इंचांतच राहतात. उन्हाळा आला की तेच दोन इंच सर्वांत आधी वाळतात.

वाळूचेही तसेच. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट होते. जिप्समविषयीही अनेक जण विचारतात. ज्या जमिनीत सोडियम वाढून ती चोपण झाली आहे, तिथे जिप्समचा उपयोग होतो. साध्या काळ्या मातीत मुळातच चुना भरपूर असतो, तिथे पैसे वाया जातात. म्हणून आधी माती परीक्षण करून घ्यावे. काळ्या मातीला खरे मोकळे करते ते सेंद्रिय खत : चांगले कुजलेले शेणखत, गांडूळखत, पालापाचोळ्याचे खत. दरवर्षी थोडे थोडे, न चुकता.

वर्षभराचे वेळापत्रक

आपल्या आजी-आजोबांना पावसाची नक्षत्रे तोंडपाठ असत. हे वेळापत्रक आम्ही त्याच क्रमाने मांडले आहे.

होळी ते अक्षय तृतीया

हा दुरुस्तीचा काळ. जमीन कोरडी असल्याने उतार नीट दिसतो. अंगणाला घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने दहा फुटांना सव्वा ते अडीच इंच उतार असावा. खोलगट जागा मातीत शेणखत मिसळून भराव्यात. पाणी बाहेर जाण्याचा चर साफ करावा.

हरळी तपकिरी पडली तर घाबरू नये. ती झोपली आहे. या दिवसांत खत घालू नये, गवत आखूड कापू नये. भेगांत सिमेंट किंवा खडी भरू नये. पावसात माती फुगली की तिला जागा लागते. ती मिळाली नाही तर जमीन वर उचलली जाते. रुंद भेगेत चाळलेले शेणखत-मातीचे मिश्रण सैलसर टाकले की पाय अडकत नाही आणि खतही खोलवर जाते.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा एखादा चांगला पाऊस पडतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जो वाफसा येतो, तो वर्षातला सर्वांत मोलाचा. त्या दिवशी पहारीने किंवा काट्याने हिरवळीत वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोके पाडावीत आणि वरून चाळलेले शेणखत अर्धा इंच पसरून झाडूने भोकांत लोटावे. पहिल्याच पावसात खत मुळांपर्यंत पोचते.

रोहिणी आणि मृग (२५ मे ते २० जूनच्या सुमारास)

नवी लावणी याच दिवसांत. दोन-तीन गाठी असलेले हरळीचे मुळासकट तुकडे घ्यावेत आणि वाफशावर तीन-चार इंच अंतराने खोचावेत. एक गाठ मातीत आणि एक वर राहील असे पहावे. अंगण भरायला दोन ते तीन महिने लागतात. तोपर्यंत त्यावर चालू नये. लावण्याआधी तुकड्यांत नागरमोथ्याचे गड्डे नाहीत ना हे बारकाईने तपासावे. हे काम मुले फार चांगले करतात.

याच काळात संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. हे हुमणीचे भुंगेरे. फांदी हलवून ते पाडावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. आता एक मादी मारली की सप्टेंबरमध्ये मुळे कुरतडणाऱ्या कित्येक अळ्या वाचतात.

आर्द्रा ते आश्लेषा (२१ जून ते १५ ऑगस्टच्या सुमारास)

दमट हवा, ढगाळ आकाश, सततची भुरभुर. गवत झपाट्याने वाढते आणि कापण्याची घाई होते. आमची चूक याच काळात झाली, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

ओल्या मातीवर पाय ठेवू नये. रोजच्या ये-जा करण्याच्या वाटेवर सुट्या फरश्या टाकाव्यात. पाऊस उघडून पात्यांवरचे पाणी सुकले आणि वाफसा आला, तरच यंत्र फिरवावे. जड यंत्रापेक्षा हाताने ढकलायचे हलके यंत्र किंवा विळा बरा. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. घरच्या हरळीची उंची पावसाळ्यात दीड-दोन इंच ठेवावी. फार आखूड कापली तर मातीवर ऊन पडून तण उगवते. ओल्या गवताचे ढीग हिरवळीवर ठेवू नयेत. त्याखाली बुरशी धरते.

गवतात गोल, तांबूस-तपकिरी डाग दिसू लागले तर ती बहुधा बुरशी असते. औषध आणण्याआधी तीन गोष्टी कराव्यात : साचलेले पाणी काढून द्यावे, युरिया बंद करावा आणि सकाळी झाडूने पात्यांवरचे दव झाडावे. पुष्कळदा एवढ्याने डाग वाढणे थांबते.

मघा ते हस्त (१६ ऑगस्ट ते ९ ऑक्टोबरच्या सुमारास)

हा तणांचा काळ. काळ्या मातीत तण वाफशावर उपटले तर मुळासकट येते. चिखलात उपटले तर ढेकूळ येते आणि कोरड्यात नुसता शेंडा तुटतो. नागरमोथा वरून उपटून जात नाही. त्याचे गड्डे जमिनीखाली माळेसारखे जोडलेले असतात. खुरपे खोल घालून गड्ड्यासकट काढावा आणि दर पंधरवड्याला तीच जागा पुन्हा पाहावी.

गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आले आणि नंतर देशभर पसरले. ते उघड्या, दुर्लक्षित जमिनीवर आधी येते. ते खाणारे मेक्सिकोचे छोटे भुंगे १९८४ मध्ये बंगळूरजवळ सोडण्यात आले आणि पावसाळ्यात ते आपल्याकडेही दिसतात. तरी घरच्या अंगणातले गाजर गवत फुलाआधी उपटणेच चांगले. त्याने अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून मुलांनी त्याला हात लावू नये. मोठ्यांनी हातमोजे घालून काढावे. जिथे हरळी दाट आहे तिथे गाजर गवताला फारशी जागा मिळत नाही.

आणि गणेश चतुर्थी. आपल्या घरांत अजूनही २१ दूर्वांच्या जुड्या अंगणातून आणतात. ज्या हिरवळीवरच्या दूर्वा देवाला वाहायच्या आणि लहान मुले हाताळायची, तिथे तणनाशक फवारू नये, ही आमची सर्व पालकांना विनंती.

या महिन्यांत गवत जागोजागी सुकून सतरंजीसारखे उचलले जाऊ लागले, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या असतात. खणून वेचाव्यात, पक्ष्यांना घालाव्यात.

दसरा ते संक्रांत

परतीचा पाऊस सरला की वर्षातला दुसरा मोठा वाफसा येतो. पुन्हा भोके पाडून शेणखत द्यावे. रासायनिक खत द्यायचे तर याच वेळी आणि जूनच्या शेवटी, बेताने. एका गुंठ्याला एका वेळी एक किलोपेक्षा जास्त युरिया नको. खत टाकल्यावर लगेच पाणी द्यावे. आपल्या चुनखडीच्या मातीत वर पडून राहिलेल्या युरियातले नत्र हवेत उडून जाते.

पुरेसे खत-पाणी असूनही नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोहाची कमतरता असते. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावे. फरशीवर पडू देऊ नये, गंजाचे डाग निघत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत थंडीने हरळीची वाढ मंदावते. पाणी आणि कापणी दोन्ही कमी करावे.

पाण्याचे गणित

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा फूट बाय वीस फुटांचे अंगण म्हणजे २०० चौरस फूट, साधारण १८.६ चौरस मीटर. त्याला आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर १८.६ × २५ = ४६५ लिटर. म्हणजे गच्चीवरची ५०० लिटरची टाकी जवळजवळ रिकामी, किंवा पंधरा लिटरच्या ३१ बादल्या.

ज्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, त्यांनी उन्हाळ्यात हिरवा गालिचा राखण्याचा आग्रह धरावा का? आमचे मत स्पष्ट आहे : धरू नये. मार्च ते मे हरळीला फक्त जिवंत ठेवावे. पंधरा दिवसांतून एकदा १० मिलिमीटर, म्हणजे १८६ लिटर पाणी पुरते. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदा सकाळी भरपूर आणि सावकाश द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. पाणी वाहून जाऊ लागले की थांबावे, अर्ध्या तासाने उरलेले द्यावे.

घर काळ्या मातीवर असेल तर भिंतीलगत दोन-तीन फूट पट्टा हिरवळीविना ठेवावा आणि तिथे पाणी मुरवू नये. पायाशेजारची माती एका बाजूला भिजून फुगली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली की भिंतीला तडे जातात.

पेव्हर ब्लॉकचा प्रश्न

आता विश्वस्त मंडळींसमोरचा मुद्दा. मैदान पूर्ण फरसबंद करावे, ही मागणी रास्त काळजीतून आली आहे. मुलाचा पाय मुरगळल्यावर ती काळजी आम्हालाही आहे. पण काळी माती फरशीखालीही फुगणे-आक्रसणे सोडत नाही. खाली मुरुमाचा जाड, नीट दाबलेला थर नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत ब्लॉक वर-खाली होतात आणि ठेच लागायला नवी कडा तयार होते. शिवाय पडणारी मुले गवतावर पडलेली बरी. मेच्या उन्हात ब्लॉक तापतात आणि पावसाचे पाणी जमिनीत न मुरता थेट गटारात जाते.

म्हणून आमची विनंती अशी. फाटकापासून वर्गांपर्यंतच्या वाटा आणि कार्यालयासमोरचा चौक मुरुमाच्या भक्कम पायावर फरसबंद करावा. प्रार्थना आणि संचलन तिथे होईल. उरलेले मैदान एक वर्ष आमच्याकडे द्यावे. आर्द्रा ते आश्लेषा अर्धे मैदान आळीपाळीने बंद राहील. रोलर येणार नाही. वाफसा आला की नाही हे ठरवण्याचा अधिकार माळीकाकांचा असेल आणि आम्ही तो मोडणार नाही. खर्च शेणखताचा आणि हरळीच्या लावणीच्या मजुरीचा, एवढाच. पुढच्या दसऱ्याला आपण सर्वांनी मैदानावर यावे, पहारीने एक भोक पाडून पाहावे आणि मग निर्णय घ्यावा. तेव्हाही जमीन घट्टच निघाली तर फरसबंदीच्या ठरावाला आम्हीच अनुमोदन देऊ.

स्वाध्याय

१. घरच्या अंगणातील मातीचा लाडू करून वाफसा तपासा. पाऊस थांबल्यापासून वाफसा येईपर्यंत किती दिवस लागले, ते पावसाळाभर वहीत नोंदवा.
२. एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते मुरल्यावर पुन्हा भरा आणि दर तासाला पातळी मोजा. दुसऱ्या दिवशीही पाणी उरले असेल तर चर कुठून काढाल, त्याची आकृती काढा. खड्डा काम झाल्यावर बुजवायला विसरू नका.
३. तुमच्या अंगणाचे क्षेत्रफळ काढून पंधरा दिवसांना लागणाऱ्या पाण्याचा हिशोब करा. घरात किती माणसांना ते पाणी किती दिवस पुरले असते?
४. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. २०० चौरस फुटांना जास्तीत जास्त किती ग्रॅम युरिया चालेल?
५. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय, ते विचारा. कन्नड शेजारी असतील तर त्यांच्याकडून 'हद' समजून घ्या. दोघांनी सांगितलेले पाच-पाच ओळींत लिहून आणा. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.

ज्या मुलाचा पाय मुरगळला होता, तो आता पुन्हा धावतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर मैदानात भोके पाडण्याच्या कामाला तो आणि त्याचा वर्ग माळीकाकांबरोबर असेल. आपणही घमेले घेऊन यावे. दिवस कोणता, ते आधी सांगता येत नाही. वाफसा आला की निरोप पाठवू.

आपले,
मुख्याध्यापक